डाव्या अंगठ्याचा करार: प्रेस अपघातातल्या नुकसानभरपाईचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

ऑगस्ट २०२३ मध्ये एक तरुण आमच्या वकिली कार्यालयात आला. सोबत बायको होती. त्याने शर्टाच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद डाव्या हाताने काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "मॅडम, ह्याच्यावर अंगठा दिलाय मी. आता काही होऊ शकतं का?"

त्याला आपण सागर म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आकडे, त्या वेळी लागू असलेल्या कायद्याची कलमं आणि घटनांचा क्रम तसाच ठेवला आहे.

सागर आयटीआय झालेला, पुण्याजवळच्या एका औद्योगिक पट्ट्यातल्या शीटमेटलच्या शेडमध्ये प्रेस ऑपरेटर होता, म्हणजे पत्रा दाबून आकार देणारं यंत्र चालवायचा. मोठ्या कंपनीला माल देणाऱ्या व्हेंडरला ही शेड ब्रॅकेट करून द्यायची. सहा माणसं मालकाच्या हजेरीपटावर आणि तीन ठेकेदाराची, अशी एकूण नऊ. सागर ठेकेदाराच्या तिघांतला. पगार १६,४०० रुपये ठरलेला. त्यातले ९,५०० ठेकेदाराकडून बँकेत यायचे आणि ६,९०० शेडचा सुपरवायझर रोख द्यायचा. नेमणूकपत्र नव्हतं. पीएफ नाही, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) नाही.

ऑक्टोबर २०२१ मध्ये दुसऱ्या पाळीत ५० टनी पॉवर प्रेसवर काम करताना त्याच्या उजव्या हाताची तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका मुळापासून गेली. वय २७.

अपघात आणि पुढचे अकरा दिवस

प्रेसला समोरून जाळीचा गार्ड होता. महिनाभरापूर्वी नवीन, लांब ब्रॅकेटची डाय (साचा) चढवली तेव्हा तुकडा गार्डच्या खिडकीतून आत जाईना, म्हणून फिटरने गार्ड उतरवला. तो परत बसला नाही. त्या रात्री सागरने पेडलवरून पाय काढला, तयार तुकडा उचलायला हात आत घातला आणि प्रेस 'डबल' पडला, म्हणजे पेडल न दाबता दुसरा स्ट्रोक आला. क्लचची चावी किंवा स्प्रिंग झिजली की असं होतं, आणि ते प्रेसवर काम केलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. दोन दिवस आधी सागरने सुपरवायझरला हे सांगितलंही होतं. उत्तर मिळालं, "लॉट संपू दे, रविवारी बघू."

मालक अर्ध्या तासात पोहोचले. स्वतःच्या गाडीत घालून त्यांनी त्याला खाजगी हॉस्पिटलला नेलं आणि आगाऊ पैसे भरले. हे नोंदवलं पाहिजे, कारण या प्रकरणात कुणी खलनायक नाही. तिथे कॅज्युअल्टीत डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? सुपरवायझर म्हणाला, "गाडीच्या चेनमध्ये हात गेला." सागर अर्धवट शुद्धीत होता. बायको नुकतीच पोहोचली होती. ती पुढे होऊन म्हणाली, "नाही डॉक्टर, कंपनीत प्रेसवर गेला." केस पेपरवर हिस्टरीच्या रकान्यात डॉक्टरांनी 'कामाच्या ठिकाणी प्रेस मशीनची इजा' असं लिहिलं. पुढे चार वर्षं या प्रकरणाचा पाया त्या एका ओळीवर उभा होता.

अकराव्या दिवशी, हाताला कोपरापर्यंत बँडेज असताना, शंभर रुपयांच्या स्टँप पेपरवर करार झाला. मजकूर साचेबंद होता: अपघात माझ्या स्वतःच्या हलगर्जीपणामुळे झाला, मालकांनी माणुसकीच्या नात्याने १,२०,००० रुपये दिले, ते मला पूर्ण व अंतिम म्हणून मान्य आहेत, यापुढे मी व माझे वारस कुठेही दावा करणार नाही. खाली साक्षीदार म्हणून ठेकेदार आणि सुपरवायझर. आणि सागरच्या नावापुढे डाव्या अंगठ्याचा ठसा.

आयटीआय झालेला माणूस सही करतो, अंगठा देत नाही. सही करायचा हात बँडेजमध्ये होता म्हणून तो ठसा आला. कागद वाचून खाली ठेवला तेव्हा माझं लक्ष सगळ्यात आधी तिथेच गेलं.

अडचण

मालकांनी त्याला पुढे 'हलकं काम' म्हणून मालमोजणीवर घेतलं. चौदा महिने तो गेला. मग ऑर्डर कमी झाल्या आणि सर्वात आधी त्यालाच यायचं नाही असं सांगण्यात आलं. तोवर त्याला वाटत होतं की नोकरी आहे तर भांडायचं कशाला. अशी माणसं आमच्याकडे नेहमी उशिरा येतात, आणि त्यांना दोष देता येत नाही: ज्याच्या विरुद्ध दावा करायचा त्याच्याच हातात महिन्याचा पगार असतो.

आमच्यासमोर चार गाठी होत्या.

पहिली मुदतीची. १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियमात दावा दोन वर्षांत करायचा असतो आणि आमच्या हातात जेमतेम दोन महिने उरले होते. कोविडकाळातला १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा अवधी मुदतीतून वगळण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आमच्या बाजूने होता. पण मूळ मुदतीत दावा दाखल करता येत असताना त्या आदेशाचा आधार घ्यायची वेळ स्वतःवर का आणायची? तो मुद्दा राखीव ठेवला.

दुसरी गाठ कराराची. तिसरी, मालक कोण: कागदोपत्री ठेकेदार, प्रत्यक्षात शेडवाले. चौथी पगाराची, कारण बँकेत फक्त ९,५०० दिसत होते.

समोरचे पर्याय

ठेकेदाराशी आणि मालकाशी बसून रक्कम वाढवून घेणं हा सागरच्या वडिलांचा आग्रह होता. "वकीलबाई, शेठ माणूस वाईट नाही. अजून एक-दीड लाख देतील, कोर्टात वर्षं जातील," असं ते म्हणाले. मी त्यांना हिशेब मांडून दाखवला.

कायम अंशतः अपंगत्वाची भरपाई अशी निघते: मासिक वेतनाचे ६० टक्के, गुणिले वयानुसार परिशिष्टात दिलेला गुणक, गुणिले कमावण्याची क्षमता जितके टक्के गेली ते. वेतन कितीही असलं तरी हिशेबाला कमाल १५,००० धरतात. ही मर्यादा ३ जानेवारी २०२० पासूनची. त्याआधी ती ८,००० होती, म्हणजे हाच अपघात दोन वर्षं आधी झाला असता तर आकडा जवळपास अर्ध्यावर आला असता. २७ वर्षांसाठी गुणक २१३.५७. एका हाताची तीन बोटं गेली तर परिशिष्टात ३० टक्के दिले आहेत. म्हणजे ९,००० गुणिले २१३.५७ गुणिले ३० टक्के: ५,७६,६३९ रुपये. हा किमान आकडा होता, कारण सागरची करंगळी आणि अंगठाही आखडले होते आणि त्याचा हिशेब वेगळा होणार होता.

सागरच्या वडिलांनी तो कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, "मग एक लाख वीस हजार कुठून काढले त्यांनी?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही नाही.

दुसरा पर्याय ईएसआयचा. लोक तो विसरतात आणि त्यात फसतात. दहा किंवा जास्त माणसं असतील आणि पगार २१,००० च्या आत असेल तर कामगार विमाधारक ठरतो. मालकाने वर्गणी भरली नसली तरीही. कारण कायद्याच्या व्याख्येत ज्याच्यासाठी वर्गणी 'देय' आहे तोही येतो. आणि विमाधारक ठरला की ईएसआय कायद्याच्या कलम ५३ मुळे १९२३ च्या कायद्याखाली दावा करता येत नाही. तसं असतं तर सागरला एकरकमी पैसे न मिळता आयुष्यभर दरमहा रक्कम मिळाली असती: त्याच्या पगारावर आणि ४५ टक्के अपंगत्व धरलं तर साडेसहा हजारांच्या आसपास. सत्ताविशीतल्या माणसासाठी ते काही वाईट नाही. त्यामुळे शेडमध्ये नेमकी माणसं किती, या साध्या प्रश्नावर पूर्ण दाव्याची दिशा ठरणार होती.

आम्ही तीन जुन्या कामगारांना वेगवेगळं बसवून नावं लिहून घेतली. झाडूवाला, टेम्पोचा ड्रायव्हर, मालकाचा पुतण्या, सगळे धरून. टेम्पो भाड्याचा आणि ड्रायव्हर टेम्पोवाल्याचा. पुतण्या शनिवारी बिलं करायला यायचा, पगारावर नव्हता. झाडूवाला हजेरीपटावरच्या सहांतलाच. आकडा नऊ आला. एका माणसाने ईएसआय हुकलं.

तिसरा पर्याय, दिवाणी न्यायालयात हलगर्जीपणाबद्दल नुकसानभरपाईचा दावा. रकमेला कमाल मर्यादा नाही, पण मालकाची चूक सिद्ध करावी लागते आणि काळ फार जातो. १९२३ च्या कायद्यात चूक सिद्ध करावी लागत नाही; अपघात कामातून आणि कामाच्या ओघात झाला एवढं पुरे. दोन्हीकडे एकदम जाता येत नाही, एक दार निवडावं लागतं.

पोलिसांत फौजदारी तक्रार हा चौथा. सागरला ती करायची नव्हती. "शेठनी रात्री गाडीत घालून नेलं होतं मला," एवढंच तो म्हणाला. हा निर्णय त्याचा होता आणि आम्ही तो बदलायचा प्रयत्न केला नाही.

काय केलं

सप्टेंबर २०२३ मध्ये नुकसानभरपाई आयुक्तांसमोर, म्हणजे आपल्याकडे कामगार न्यायालयात, अर्ज दाखल केला. सामनेवाले दोघे: मालक आणि ठेकेदार. कलम १२ सांगतं की मालकाच्या नेहमीच्या धंद्याचाच भाग असलेलं काम ठेकेदारामार्फत करून घेतलं तरी भरपाई मालकाकडून मागता येते. मालकाने ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी. प्रेसच्या शेडमध्ये प्रेस चालवणं हे नेहमीचं काम नाही असं कोण म्हणणार? शिवाय रोख ६,९०० सुपरवायझरच देत होता, त्यामुळे मालक-कामगार नातं थेटच दिसत होतं.

पगार सिद्ध करायला दोन गोष्टी कामी आल्या. सागरच्या बायकोने किराणा-दुधाच्या वहीत दर महिन्याला 'रोख ६९००' अशी नोंद केली होती, त्याच पेनाने, त्याच शाईत, खाली दुधाचा हिशेब. आणि सुपरवायझरचा व्हॉट्सअ‍ॅप संदेश: '६९०० राहिले, शनिवारी घे.' आयुक्तांनी ती वही स्वतः हातात घेऊन पानं उलटून पाहिली. हिशेबाला ९,५०० धरले असते तर रक्कम ५,४७,८०७ वर आली असती. १५,००० धरल्यावर ती ८,६४,९५८ झाली. दुधाच्या वहीची किंमत तीन लाखांहून अधिक निघाली.

खरी लढत गार्डवरून झाली. मालकाची चूक बघत नाहीत तशी कामगाराची साधी चूकही कायदा बघत नाही. पण मृत्यू किंवा पूर्ण कायम अपंगत्व नसेल, तर तीन बचाव मालकाला मिळतात: कामगार नशेत होता, सुरक्षेसाठी स्पष्टपणे दिलेला आदेश त्याने जाणूनबुजून मोडला, किंवा सुरक्षेचं साधन त्याने जाणूनबुजून काढलं. लेखी उत्तरात मालकांनी तिसरा बचाव घेतला: 'अर्जदाराने उत्पादन वाढवून दाखवण्यासाठी गार्ड स्वतः काढला.' आमच्या बाजूने तोंडी सांगण्यापलीकडे काही नव्हतं. प्रेस तोवर भंगारात गेला होता.

उपाय अनपेक्षित ठिकाणाहून आला. सागरच्या एका सहकाऱ्याच्या फोनमध्ये शेडमधल्या वाढदिवसाचा फोटो होता. टेबलावर केक, भोवती सात-आठ जण, आणि मागे तोच प्रेस, गार्डशिवाय. गार्ड शेजारी भंगाराच्या पिंपाला टेकून उभा, त्यावर हातपुसणी वाळत घातलेली. फोटोची तारीख अपघाताच्या सतरा दिवस आधीची. आणि केक भरवणारा माणूस सुपरवायझर. उलटतपासणीत त्याला फोटो दाखवून विचारलं, मागे दिसतो तो गार्ड कशाचा? तो बराच वेळ थांबला आणि म्हणाला, "प्रेसचा." सतरा दिवस गार्ड सुपरवायझरच्या डोळ्यांसमोर बाजूला पडून होता, म्हणून 'कामगाराने जाणूनबुजून काढला' हा बचाव तिथेच संपला.

वैद्यकीय पुराव्यालाही वेळ लागला. तीन बोटांचे ३० टक्के परिशिष्टातूनच येतात. आखडलेल्या अंगठ्याचे आणि करंगळीचे टक्के मात्र डॉक्टरांनी सांगावे लागतात, आणि ते शारीरिक अपंगत्वाचे टक्के नव्हेत; कमावण्याची क्षमता किती गेली ते. हा फरक प्रमाणपत्र लिहिताना बऱ्याच ठिकाणी सुटतो. आमच्या डॉक्टरांनी सागरला तपासताना व्हर्नियर (माप घ्यायचं साधन) आणि पाना हातात धरायला दिले होते. व्हर्नियर धरता येत नव्हतं, पाना धरला जात होता पण फिरत नव्हता. त्यांनी या भागासाठी १५ टक्के सांगितले. एकूण ४५.

राहिला करार. कलम १७ सांगतं की कामगाराने भरपाईचा हक्क सोडून दिल्याचा कोणताही करार, या कायद्यातली जबाबदारी टाळण्यापुरता, रद्दबातल. पण माझ्या दृष्टीने याहून महत्त्वाची कलमं २८ आणि २९. एकरकमी तडजोड झाली तर मालकाने तिचं टिपण आयुक्तांकडे नोंदणीला पाठवलं पाहिजे. रक्कम अपुरी आहे किंवा दबावाने ठरली आहे असं वाटलं तर आयुक्त नोंदणी नाकारू शकतात. आणि टिपण पाठवलंच नाही तर मालक पूर्ण भरपाई द्यायला बांधील, वर आधी दिलेल्या रकमेतली निम्म्याहून जास्त वजावटही त्याला मिळत नाही, आयुक्तांनी वेगळं सांगितलं नाही तर.

मालकांना हे माहीत नव्हतं. करार त्यांच्या हिशेबनिसाने आणून दिला होता. साक्षीत ते म्हणाले, "मला सांगितलं स्टँपवर घेतलं की विषय संपतो." मला ते खरं वाटलं. लहान कारखान्यांतली बहुतेक माणसं आजही हेच मानतात, आणि त्यांना कुणी वेगळं सांगतही नाही.

निकाल

जून २०२५ मध्ये आदेश झाला. आयुक्तांनी अपघात कामाच्या ओघातला धरला, मालक आणि ठेकेदार दोघांवर जबाबदारी ठेवली, वेतन १५,००० च्या मर्यादेपर्यंत मान्य केलं आणि क्षमतेची हानी ४५ टक्के धरली. व्याज १२ टक्के, अपघाताच्या तारखेपासून. व्याज कधीपासून यावर पूर्वी बराच घोळ व्हायचा. काही आदेश निकालाच्या तारखेपासून व्याज देत. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका ऊसतोड कामगाराच्या मृत्यूच्या प्रकरणात ते अपघाताच्या तारखेपासूनच असा निर्वाळा पुन्हा दिला आणि आम्ही त्याचाच आधार घेतला.

दंडासाठी मालकांना वेगळी नोटीस देऊन म्हणणं ऐकलं गेलं. कायद्यात दंड भरपाईच्या ५० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. आयुक्तांनी २५ टक्के लावला. हॉस्पिटलला लगेच नेल्याचा आणि बिल भरल्याचा त्यांनी आदेशात उल्लेख केला. मात्र ते ८६,००० रुपयांचं बिल भरपाईतून वजा करू दिलं नाही: २००९ च्या दुरुस्तीनंतर उपचाराचा खर्च भरपाईखेरीज द्यायचा असतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये रक्कम जमा झाली तेव्हाचा हिशेब असा होता. भरपाई ८,६४,९५८. शेहेचाळीस महिन्यांचं व्याज ३,९७,८८१. दंड २,१६,२४०. त्यातून आधी दिलेल्या १,२०,००० पैकी निम्मे, म्हणजे ६०,००० वजा. हातात १४,१९,०७९ रुपये.

मालकांच्या बाजूने हेच पाहू. अपघातानंतर महिन्याभरात कायद्याप्रमाणे रक्कम भरली असती तर ८,६४,९५८ मध्ये विषय संपला असता. स्टँप पेपरवर दिलेले १,२०,००० धरून त्यांचे १५,३९,०७९ गेले. पावणेसात लाखांच्या आसपासचा हा फरक निव्वळ त्या कराराने आणि उशिराने आला. नऊ माणसांची नुकसानभरपाईची विमा पॉलिसी असती तर मूळ रकमेची मोठी झळ विमा कंपनीने सोसली असती. मालकांनी ठेकेदाराविरुद्ध वसुली करायचं ठरवलं आणि तो ठेकेदार वसाहतीतून निघून गेला होता. उच्च न्यायालयात अपील करायचं तर आधी पूर्ण रक्कम जमा करावी लागते आणि मुद्दाही कायद्याचा महत्त्वाचा लागतो. त्यांनी अपील केलं नाही.

आज हेच घडलं तर

रक्कम जमा झाली त्याच महिन्यात फोटो देणाऱ्या सहकाऱ्याचा फोन आला. रात्रपाळीला येताना त्याची दुचाकी घसरली होती, पाय मोडला होता. "ताई, गेटच्या आत नव्हतो मी. मग काहीच नाही का?"

महिन्याभरापूर्वी माझं उत्तर वेगळं असतं. २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका साखर कारखान्याच्या रखवालदाराच्या प्रकरणात निकाल दिला. एप्रिल २००३ मध्ये पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलवर जाताना कारखान्यापासून काही अंतरावर तो गेला. उस्मानाबादच्या आयुक्तांनी दिलेली भरपाई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये रद्द केली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती परत दिली आणि सांगितलं की घरून कामावर जाताना किंवा कामावरून घरी परतताना झालेला अपघातही, वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध दाखवता आला, तर कामाच्या ओघातलाच. त्या घराला बावीस वर्षं थांबावं लागलं. फोनवरच्या माणसाला मी म्हटलं, केस पेपरवर 'ड्यूटीला जाताना' असं लिहिलंय का ते आधी बघ.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि १९२३ चा कायदा तिच्यात सामावला. येण्याजाण्यातल्या अपघाताची तरतूद आता संहितेतच लिहिलेली आहे. तडजोड नोंदवायची तरतूदही कायम आहे. त्याच दिवशी लागू झालेल्या सुरक्षाविषयक संहितेत नेमणूकपत्र देणं आलं, आणि नियम मोडल्याने गंभीर इजा झाली तर न्यायालय दंडाच्या किमान निम्मी रक्कम जखमी माणसाला देण्याचा आदेश देऊ शकतं. मात्र सागरच्या शेडसारख्या, दहाच्या आत माणसं असलेल्या जागांना यातलं बरंचसं थेट पोहोचत नाही. अशा ठिकाणी संहितेतलं अपघाती भरपाईचं प्रकरण हेच एकमेव छत्र राहतं, आणि मला याची काळजी वाटते. कामावर घेतानाच भरपाईच्या हक्काची लेखी माहिती त्याच्या भाषेत द्यायची, हे बंधन तर २०१७ पासून होतं, आणि न दिल्यास किमान ५०,००० रुपयांचा दंडही. नऊपैकी एकाही माणसाला असा कागद मिळाला नव्हता.

वेगळं काय करता आलं असतं

आमच्याकडून झालेल्या चुका आधी सांगते.

माणसांची मोजणी आम्ही अर्ज लिहायला घेतल्यावर केली. ती पहिल्या भेटीत व्हायला हवी होती. आकडा दहा निघाला असता तर दोन आठवडे चुकीच्या दारात गेले असते, आणि मुदत संपत आलेली असताना दोन आठवडे फार होतात.

प्रेस भंगारात जाण्याआधी 'यंत्र आहे त्या स्थितीत ठेवा' अशी नोटीस पाठवता आली असती. सागर आला तेव्हा प्रेस शेडमध्येच होता. दाव्याची नोटीस गेल्यावर दीड महिन्यात तो विकला गेला. 'डबल' पडण्याचं कारण क्लचमध्ये होतं का, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. वाढदिवसाच्या फोटोवर केस टिकली ही आमची कर्तबगारी नव्हे.

तिसरी चूक मला सर्वात जास्त लागते. लेखी उत्तरात मालकांनी अपघात आणि तीन बोटं गेल्याचं मान्य केलं होतं, वाद फक्त गार्डचा आणि वरच्या टक्क्यांचा होता. मालक जितकी जबाबदारी मान्य करतो तितकी रक्कम वाद चालू असतानाच तात्पुरती भरायची असते. गार्डचा बचाव उभा होता म्हणून आम्ही तो अर्ज दिलाच नाही, फेटाळला जाईल असं गृहीत धरलं. फेटाळला असता तरी काय गेलं असतं? मंजूर झाला असता तर दीड-पावणेदोन वर्षं आधी सागरच्या घरात पैसा आला असता. त्या काळात त्याच्या बायकोने दोन घरची धुणीभांडी केली.

मालकांच्या जागी मी असते तर अकराव्या दिवशी करार केलाच नसता. जखम भरायच्या आधी टक्के ठरत नाहीत, त्यामुळे तेव्हा कुठलीही रक्कम अंदाजेच ठरते. हॉस्पिटलच्या बिलासोबत पहिल्या महिन्यात परिशिष्टातल्या ३० टक्क्यांची रक्कम आयुक्तांकडे भरली असती, वरचं डॉक्टरांच्या तपासणीनंतर ठरवलं असतं आणि तडजोड करायचीच तर तिचं टिपण नोंदणीला पाठवलं असतं. आयुक्तांसमोर नोंदलेली तडजोड मालकालाही खरं संरक्षण देते, घरात बसून घेतलेला अंगठा देत नाही.

आणि सागरच्या बाजूने? हॉस्पिटलमधली ती ओळ सोडली तर पहिल्या आठवड्यात त्याच्याकडे काहीच नव्हतं. सुपरवायझरला प्रेस 'डबल' पडतोय हे त्याने तोंडी सांगितलं. तेच दोन शब्द व्हॉट्सअ‍ॅपवर टाकले असते तर यंत्र बिघडल्याची लेखी नोंद तरी राहिली असती.

भरपाईतले आठ लाख त्याने मुदत ठेवीत ठेवले. उरलेल्यातून गावाकडे पिठाची गिरणी घेतली. पट्ट्यावर लोखंडी जाळी आहे, आणि ती त्याने गिरणी चालू करायच्या आधी डाव्या हाताने स्वतः बसवून घेतली.